मोठ्यांची टोचणी : वाचकांच्या शंका आणि उत्तरे

मागील अंकात पावसाळी तापांविषयी लिहिताना 'लस ही केवळ लहान मुलांची बाब आहे, असा आपला समज आहे' असे एक वाक्य ओघात लिहिले होते. लेखातील तापांविषयी फारशी कोणी विचारणा केली नाही. या एका वाक्यावर मात्र पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या, म्हणजे अवघ्या गोव्यातल्या, वाचकांची पत्रे आली. बहुतेकांनी वयानुसार एक सरसकट तक्ता मागितला आहे. मुलांचा तक्ता वयावर बेतता येतो, कारण पहिल्या काही वर्षांत सर्व मुलांची वाट साधारण एकच असते. चाळिशीतला बागायतदार, त्याच वयाचा बोटीवरचा खलाशी आणि त्याच वयाची मधुमेही शिक्षिका यांना एका तक्त्यात बसवणे कठीण आहे. मोठ्या माणसाची लस त्याच्या वयापेक्षा त्याचे काम, त्याचा आजार आणि त्याचा प्रवास यांवरून ठरते. म्हणून तक्त्याऐवजी काही निवडक पत्रेच उत्तरांसाठी घेतली आहेत.

प्रश्न : माझे कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे. कोयता लागून, काटा रुतून वर्षातून दोन-तीनदा तरी जखम होते आणि प्रत्येक वेळी मी आरोग्य केंद्रात जाऊन धनुर्वाताचे इंजेक्शन घेऊन येतो. मुलगा म्हणतो की एवढी इंजेक्शने अंगाला बरी नव्हेत. खरे काय? (वय ५६, डिचोली)

उत्तर : आपल्या मुलाचे म्हणणे बरोबर आहे. पण त्याचे ऐकून इंजेक्शन अजिबात बंद केलेत, तर तेही चुकेल. धनुर्वाताचे जंतू गंजलेल्या लोखंडात जन्म घेतात, अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात ते मातीत आणि शेणात सुप्तावस्थेत वर्षानुवर्षे टिकून राहतात आणि खोल, मातीने भरलेल्या जखमेतून शरीरात शिरतात. खिळा गंजलेला असो वा नवा, तो गोठ्याजवळच्या मातीत पडलेला होता की नाही, हे अधिक महत्त्वाचे असते. त्यामुळे कुळागरात राबणाऱ्या माणसाला ही लस हवीच, मात्र ती दर जखमेला नको.

ज्यांच्या प्राथमिक तीन मात्रा पूर्ण झाल्या आहेत, त्यांना दर दहा वर्षांनी एक वर्धक मात्रा पुरते. जखम स्वच्छ आणि किरकोळ असेल आणि शेवटच्या मात्रेला दहा वर्षे झालेली नसतील, तर इंजेक्शनची गरज नाही. जखम खोल असेल किंवा तिच्यात माती-शेण गेले असेल, तर ही मर्यादा पाच वर्षांची धरतात. वरचेवर मात्रा घेतल्याने संरक्षण वाढत जात नाही. उलट अंगात प्रतिपिंडे, म्हणजे आजाराशी लढणारी संरक्षक द्रव्ये, आधीच भरपूर असल्याने दंड सुजणे, लाल होणे आणि दुखणे असा त्रास वाढू शकतो. ज्यांच्या तीन मात्रा कधीच पूर्ण झालेल्या नाहीत, किंवा झाल्या की नाही हे कोणालाच ठाऊक नाही, त्यांची गोष्ट वेगळी. मातीने भरलेल्या जखमेच्या वेळी त्यांना लशीच्या जोडीला तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, आणि पुढे एक महिना व सहा ते बारा महिने अशा अंतराने उरलेल्या मात्रा पूर्ण कराव्या लागतात. पहिल्या जखमेचे इंजेक्शन घेऊन पुढच्या मात्रा सोडून देणारे कित्येकजण आढळतात. एकुलत्या एका मात्रेवर त्यांनी भरवसा ठेवू नये.

आणखी एक बदल आपल्या लक्षात आला नसेल. पूर्वी नुसत्या धनुर्वाताची 'टीटी' लस मिळत असे. देशाच्या लसीकरण कार्यक्रमात २०१९ पासून तिच्या जागी 'टीडी' आली असून तिच्यात धनुर्वाताबरोबर घटसर्पाचेही संरक्षण असते. लहानपणी घेतलेल्या घटसर्पाच्या लशीचा प्रभाव मोठेपणी ओसरतो, म्हणून हा बदल केला गेला. आयुष्यात एखादी मात्रा 'टीडॅप'ची, म्हणजे डांग्या खोकल्याच्या संरक्षणासह, घेण्याचा सल्लाही दिला जातो. घरात तान्हे बाळ येणार असेल तर तो अवश्य पाळावा, कारण तान्ह्या बाळाला हा खोकला बहुधा घरातल्या मोठ्यांकडूनच लागतो.

प्रश्न : आमच्या गावात काजूच्या हंगामात बोंडू गोळा करायला बायका जंगलालगत जातात. पूर्वी माकडतापाची लस देत असत, आता आरोग्य केंद्रात विचारले तर नाही म्हणतात. ती बाहेर विकत मिळेल का? (वाळपईजवळील एक वाचक, सत्तरी)

उत्तर : नाही, बाहेरही मिळणार नाही, आणि कोणी माकडतापाची लस म्हणून काही देऊ केले तर घेऊ नये. हा आजार १९५७ मध्ये कर्नाटकातील शिमोगा जिल्ह्यात क्यासनूरच्या जंगलात प्रथम ओळखला गेला. आपल्या सत्तरीत तो २०१५ साली पाली गावात दिसला आणि पुढच्याच हंगामात काजू-मजुरांमध्ये पसरला. जुनी लस होती, पण तिचा जोर मुळातच कमी होता. एका महिन्याच्या अंतराने दोन मात्रा, मग सहा ते नऊ महिन्यांनी वर्धक मात्रा आणि पुढे वर्षानुवर्षे पुन्हा वर्धक, एवढा खटाटोप करूनही मिळणारे संरक्षण अपुरे ठरे. २०२२ मध्ये तिचा वापर थांबवण्यात आला. नव्या लशीवर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने काम चालू आहे.

तोपर्यंत संरक्षण गोचिडीपासून करायचे. हा आजार माणसाला गोचिडीच्या, विशेषतः तिच्या तिळाएवढ्या पिल्लाच्या, चाव्यातून होतो आणि डिसेंबर ते मे हा तिचा, म्हणजे नेमका काजूचाच, काळ असतो. आरोग्य खात्याकडून मिळणारे, गोचिडीला दूर ठेवणारे 'डेपा' तेल हातापायांना लावून, अंगभर कपडे घालून जावे. जेवायला पाचोळ्यावर न बसता ताडपत्रीवर किंवा दगडावर बसावे. घरी परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकून साबणाने अंघोळ करावी आणि काखा, जांघा, केसांची कड एकमेकींनी तपासावी. बागेत मेलेले माकड दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवावे. हंगामात अचानक कडकडून ताप, डोके फुटेल असे दुखणे आणि अंगदुखी सुरू झाली, तर पहिल्या दोन-तीन दिवसांतच रक्त तपासून घ्यावे, आणि डॉक्टरांना काजूच्या बागेत जात असल्याचे आपण होऊन सांगावे. ते सांगितले नाही तर मलेरिया आणि डेंगीच्या तपासण्यांत वेळ जातो. याच बायकांनी 'टीडी'ची मात्रा मात्र घेतलेली असावी. बोंडू वेचताना काटे-कुसळे रुततातच.

प्रश्न : मोठी बहीण बासष्ट वर्षांची आहे. गेल्या वर्षी तिला नागीण झाली. लोकांनी गेरू लावायला सांगितले, मंत्र घातले, आणि विळखा पूर्ण झाला तर माणूस वाचत नाही असे सांगून घाबरवले. मला ही लस घ्यावी का? आणि तिला आता घेऊन उपयोग आहे का? (वय ५७, म्हापसा)

उत्तर : आधी विळख्याचे. लहानपणी कांजिण्या आलेल्या माणसाच्या शरीरातून तो विषाणू पूर्णपणे जात नाही. पाठीच्या कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत तो दडून राहतो. वयामुळे किंवा आजारामुळे प्रतिकारशक्ती सैल पडली की तो एखाद्या मज्जातंतूच्या वाटेने कातडीवर येतो. हा मज्जातंतू शरीराच्या एकाच बाजूस पसरलेला असल्याने फोडांचा पट्टा सहसा छातीच्या वा पोटाच्या मध्यरेषेपाशी थांबतो. विळखा पूर्ण होत नाही तो मंत्रामुळे नव्हे, शरीराच्या रचनेमुळे. कांजिण्या न झालेल्या माणसाला नागिणीच्या फोडांतील द्रवाच्या संपर्कातून कांजिण्या होऊ शकतात; एकाची नागीण दुसऱ्याला मात्र लागत नाही.

नागिणीत खरा त्रास फोड सुकल्यावर सुरू होतो. माझ्याकडे आलेल्या एका आजींना फोड बरे होऊन चार महिने झाले होते, तरी सुती लुगड्याचा पदर छातीवर टेकला की त्यांना विस्तवाचा चटका बसल्यासारखे होई. त्या पदर हाताने वर धरूनच बसत असत. वय जितके अधिक, तितकी ही वेदना रेंगाळण्याची शक्यता अधिक. पुरळ उठल्यापासून बहात्तर तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झाले तर आजार लवकर आवरतो, आणि गेरू लावण्यात हाच मोलाचा वेळ वाया जातो.

लशीविषयी आपण विचारले आहे. पन्नाशीनंतर देण्याची, दोन मात्रांची लस भारतात २०२३ पासून मिळते. दोन मात्रांत दोन ते सहा महिन्यांचे अंतर ठेवतात. मोठ्या चाचणीत पन्नास ते एकोणसत्तर वयोगटात तिने नागिणीचे प्रमाण सत्त्याण्णव टक्क्यांनी, तर सत्तरीच्या पुढेही सुमारे नव्वद टक्क्यांनी कमी केले. ती जिवंत विषाणूंची नसल्याने प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनाही देता येते. एकदा नागीण झालेल्यांना ती पुन्हा होऊ शकते, त्यामुळे आजाराची तीव्र अवस्था ओसरल्यावर आपल्या बहिणीनेही घ्यावी. इंजेक्शननंतर एक-दोन दिवस दंड ठणकतो, कणकण येते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. पहिल्या मात्रेच्या त्रासाने दुसरी टाळली तर खर्च आणि त्रास दोन्ही फुकट जातात. आणि खर्च लहान नाही. एका मात्रेला काही हजार रुपये पडतात. घरात पैसे मोजूनच खर्च होत असेल, तर मी स्वतः आधी फ्लू आणि न्यूमोनियाच्या लशी पूर्ण करायला सांगतो आणि नागिणीची त्यानंतर.

प्रश्न : वडील सत्तर वर्षांचे असून त्यांना मधुमेह आहे व हृदयाला स्टेंट बसवला आहे. फ्लूची लस घेतल्यावरच सर्दी-ताप होतो असे ते ऐकून आहेत. ती केव्हा घ्यायची? न्यूमोनियाची वेगळी असते का? (मडगाव)

उत्तर : या दोन्ही लशी आपल्या वडिलांच्या यादीत सर्वांत वर असाव्यात. नेहमी दिली जाणारी फ्लूची इंजेक्शनची लस मारलेल्या विषाणूंच्या अंशांपासून बनते, तिच्याने फ्लू होत नाही. दंड दुखणे, एखादा दिवस अंग मोडून येणे एवढेच. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो हे खरे आहे. ज्या वर्षी लशीतले प्रकार फिरत्या विषाणूंशी चांगले जुळतात, त्या वर्षीही ती आजार सुमारे चाळीस ते साठ टक्क्यांनीच कमी करते. मग एवढा आग्रह कशासाठी? स्टेंट बसवलेल्या माणसाचे भय सर्दीपलीकडचे असते. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातील २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, फ्लू झाल्यानंतरच्या पहिल्या सात दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण सुमारे सहा पट आढळले होते.

विषाणू रूप बदलत असल्याने ही लस दरवर्षी नवी घ्यावी लागते. आपल्याकडे फ्लूची मोठी लाट पावसाबरोबर येते आणि लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला दोन आठवडे लागतात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांतच, त्या वर्षीच्या नव्या साठ्यातील मात्रा घ्यावी. चतुर्थीला मुंबईहून पाहुणे खोकत आले की दवाखान्यात लशीसाठी धावाधाव होते. तोपर्यंत अर्धा हंगाम उलटलेला असतो.

न्यूमोनियाची, नेमके सांगायचे तर न्यूमोकोकस जंतूची, लस वेगळी आहे आणि ती दरवर्षी लागत नाही. तिचे प्रकार तिच्यात सामावलेल्या जंतूंच्या उपप्रकारांच्या संख्येवरून ओळखतात. तेरा प्रकारांची लस घेतल्यास एका वर्षाने तेवीस प्रकारांची दुसरी घ्यायची असते. वीस प्रकारांची नवी लस घेतल्यास तेवढी एकच पुरते. कोणती घ्यावी यावर फार खल करू नये. मिळेल ती सुरू करावी. फ्लूची आणि ही लस एकाच दिवशी, दोन वेगळ्या दंडांत घेता येतात.

प्रश्न : गोव्यात रेबीज उरलेला नाही असे वर्तमानपत्रात वाचले होते. समुद्रकिनाऱ्यावर कुत्र्याचे पिल्लू खेळता खेळता चावले, किंचित रक्त आले. चौदा इंजेक्शने घ्यावी लागतील का? (पेडणे)

उत्तर : इंजेक्शने घ्यावीत, आणि हा अंक हाती पडण्याची वाट न पाहता आपण ती सुरू केली असतील अशी आशा आहे. राज्यात २०१४ पासून 'मिशन रेबीज' या संस्थेच्या साहाय्याने कुत्र्यांचे मोठ्या प्रमाणावर लसीकरण झाले आणि २०२१ मध्ये गोवा 'रेबीज नियंत्रित क्षेत्र' म्हणून जाहीर झाले. हे काम खरोखर अभिमानाचे आहे, पण नियंत्रित आणि मुक्त या दोन शब्दांत अंतर आहे. राज्याच्या सीमेवरच्या पत्रादेवी, पोळे किंवा मोलेच्या नाक्यावर कुत्र्यांना कोणी अडवत नाही.

पोटातली चौदा इंजेक्शने जुन्या लशीची. ती देशात दोन दशकांपूर्वीच बंद झाली. आता दंडाच्या स्नायूत ०, ३, ७, १४ व २८ अशा दिवशी पाच मात्रा देतात, किंवा कातडीत देण्याच्या पद्धतीने ०, ३, ७ व २८ अशा चार भेटी लागतात. रक्त आलेल्या चाव्यात जखमेच्या आतबाहेर प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यावे लागते, आणि लोक नेमके तेच टाळतात. चावल्याबरोबर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुणे हा उपचाराचाच भाग आहे. हळद, चुना किंवा तिखट लावू नये. भटक्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या आणि प्राण्यांच्या दवाखान्यात काम करणाऱ्यांनी ही लस आधीच घेऊन ठेवावी, म्हणजे पुढे चावा झाल्यास केवळ दोन मात्रा पुरतात आणि प्रतिपिंडांचे इंजेक्शन लागत नाही.

प्रश्न : मी बोटीवर नोकरीला आहे. माझ्या पिवळ्या पुस्तिकेत पीतज्वराची लस २०१२ मध्ये घेतल्याची व ती दहा वर्षे वैध असल्याची नोंद आहे. आता पुन्हा घ्यावी लागेल का? (बाणावली)

उत्तर : नाही. ११ जुलै २०१६ पासून आंतरराष्ट्रीय नियम बदलला आहे. एका मात्रेचा दाखला आयुष्यभर वैध धरला जातो आणि जुन्या पुस्तिकांनाही हा नियम लागू आहे, त्यांच्यावर छापलेली मुदत काहीही असो. एजंट आग्रह धरीत असेल तर त्याला हा नियम दाखवावा. आपल्याबरोबर प्रथमच बोटीवर जाणाऱ्या तरुणांनी मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी : दाखला लस घेतल्यापासून दहा दिवसांनी वैध होतो, आणि लस अधिकृत केंद्रातच घ्यावी लागते, आपल्याकडे मुरगाव बंदरातील आरोग्य कार्यालयात ती सोय आहे. आफ्रिकेतील किंवा दक्षिण अमेरिकेतील पीतज्वरग्रस्त देशांतून दाखल्याविना भारतात परतणाऱ्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवले जाऊ शकते. ही जिवंत विषाणूंची लस आहे. अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि साठीपुढच्यांनी डॉक्टरांशी बोलूनच ती घ्यावी. लहानपणी कांजिण्या न आलेल्यांनी बोटीवर चढण्यापूर्वी कांजिण्यांचीही लस घ्यावी. एका केबिनमध्ये चारजण झोपतात तिथे कांजिण्या फार वेगाने फिरतात.

प्रश्न : मी खाणावळ चालवते, सहा कामगार आहेत. टायफॉइडची लस सक्तीची आहे का? (पणजी)

उत्तर : अन्न हाताळणाऱ्यांना टायफॉइड गटातील आजारांची लस दिलेली असावी, असे अन्नसुरक्षेच्या नियमांतच आहे आणि परवान्याच्या तपासणीत तिचे दाखले मागितले जातात. नवी संयुग्मित लस एका मात्रेत दिली जाते. लस घेतली म्हणून हात धुण्यात सूट नाही. ती कावीळ किंवा हगवण थांबवत नाही.

प्रश्न : मुलगी चोवीस वर्षांची आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस आता घेऊन उपयोग होईल का? (कुडचडे)

उत्तर : होईल. सव्विसाव्या वर्षापर्यंत ती अवश्य घ्यावी. पुण्यात तयार झालेली देशी लस २०२३ पासून उपलब्ध असून तिने किंमत बरीच खाली आणली. या वयात सहा महिन्यांच्या काळात तीन मात्रा लागतात. तिशीनंतरची तपासणी लस घेतली तरी चुकवू नये. लग्न ठरले असेल तर गोवर-रुबेलाची मात्रा झाली आहे का तेही पाहावे. ती घेतल्यावर एक महिना गर्भधारणा टाळावी लागते.

प्रश्न : निवृत्त शिक्षिका आहे. दंडावर देवीचा वण आहे, त्यापलीकडे माझ्याकडे एकही कागद नाही. काय घेतले आणि काय नाही हे आता कसे ठरवणार? (वय ६६, फोंडा)

उत्तर : नोंद नसेल तर लस झालीच नाही असे धरून पुढे जावे, हा सर्वसाधारण नियम आहे, आणि बहुतेक लशींत चुकून एखादी मात्रा अधिक झाली तरी बिघडत नाही. हिपॅटायटिस बी या काविळीची लस घ्यायची का, हे मात्र रक्त तपासून ठरवता येते. देशाच्या बाल-लसीकरणात ती सर्वत्र पोचली ती २०११ च्या सुमारास, त्यामुळे आपल्या पिढीतील जवळपास कोणालाच ती लहानपणी मिळालेली नाही. डायलिसिसवर असणाऱ्यांनी, मधुमेहींनी आणि दवाखान्यात काम करणाऱ्यांनी तीन मात्रा घ्याव्यात. आपण 'टीडी'पासून सुरुवात करावी, एप्रिलमध्ये फ्लू आणि न्यूमोकोकस एकत्र घ्यावी आणि नागिणीचा विचार पुढील वर्षी करावा. मधुमेह किंवा दमा असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

कागदाचे म्हणाल तर कुपीवरचा चिकटपट्टीचा तुकडा परिचारिकेकडून मागून घ्यावा. त्यावर लशीचे नाव आणि बॅच क्रमांक असतो. तो वहीत डकवून शेजारी तारीख लिहावी. वहीचा फोटो मुलाच्या फोनवर पाठवून ठेवावा, आणि वही दवाखान्याच्या टेबलावर विसरून येऊ नये. माझ्या कपाटात अशा सात वह्या मालकांची वाट पाहत पडून आहेत.